सकाळी खणखणीत, दुपारी आवाज फाटतो: बायसिंगची नेहमीची तक्रार

"काका, चौथा ट्रान्झिस्टर टाकलाय. पुन्हा तेच."

मे महिन्यातली दुपार. आमच्याच गल्लीतला एक पोरगा उघडा बोर्ड हातात घेऊन दारात उभा. कबड्डीच्या सामन्यांसाठी त्याने मैदानावर, पत्र्याच्या शेडखाली स्पीकर लावले होते आणि माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) घरीच जोडला होता. एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टचा अडॅप्टर, कलेक्टर या पायाला ४.७ के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर, सप्लायवरून थेट बेस या पायावर १.८ मेग (मेग म्हणजे दहा लाख ओहम), तिसरा पाय एमिटर ग्राउंडला, आत-बाहेर एकेक कपॅसिटर. इतकंच. सकाळी घरी आवाज खणखणीत होता. दुपारी शेडखाली पंचांनी माइक हातात घेतला आणि आवाज फाटायला लागला. तोंडात सुपारी धरून बोलावं तसा. पोराने ट्रान्झिस्टर बदलला. दुसऱ्याने आवाज जवळजवळ बंदच पडला. तिसरा बरा चालला, पण पंच जोरात बोलले की फाटायचा. चौथा पुन्हा पहिल्याच्या वळणावर.

बोर्ड स्कूटरच्या डिकीतून आला होता, चांगलाच तापलेला. मी मीटरची काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल कलेक्टरवर टेकवली. ०.७ व्होल्ट.

"माइक बदललास, वायर बदललीस, चार ट्रान्झिस्टर बदललेस. कलेक्टर मोजलास का?"

"नाही काका. सिग्नल तर एसी आहे ना, डीसी मोजून काय कळणार?"

सगळी गोम या प्रश्नात आहे. अँप्लिफायर दुरुस्तीला येतो तो आवाजाची तक्रार घेऊन, म्हणून माणूस आवाजाच्या मागे धावतो. पण आवाज फाटणं, आवाज बारीक येणं, तापल्यावर बिघडणं आणि गार झाल्यावर सुधारणं, ट्रान्झिस्टर बदलला की वागणूक बदलणं, या तक्रारींचं मूळ माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा सिग्नलच्या वाटेत नसतं. सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर कुठे उभा आहे, तिथे असतं. पुस्तकात याला कार्यबिंदू किंवा क्यू पॉइंट म्हणतात. आम्ही टेबलावर सरळ 'बायसिंग' म्हणतो.

झोपाळा खोलीच्या मधोमध टांगला तर दोन्ही बाजूंना सारखा झोका घेता येतो. भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगला तर हलक्या झोक्याला काही होत नाही, जरा जोर लावला की पाय भिंतीवर आपटतात. कलेक्टरची एक भिंत म्हणजे सप्लाय आणि दुसरी म्हणजे एमिटर. पोराचा झोपाळा खालच्या भिंतीला चिकटून टांगलेला होता. त्यात ट्रान्झिस्टरचा काही दोष नव्हता.

त्या बोर्डात काय झालं होतं

चौथा ट्रान्झिस्टर काढून, गार झाल्यावर मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये घातला. बीटा, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, ३३० च्या आसपास. आता हिशोब करू. सप्लाय १२, त्यातून बेस-एमिटरचे ०.६५ गेले, उरलेले ११.३५ व्होल्ट १.८ मेगवर पडतात. म्हणजे बेसमध्ये ६.३ मायक्रोअँप. गुणिले ३३०, कलेक्टरमध्ये २.०८ मिलिअँप. ४.७ के वर ९.८ व्होल्ट पडले आणि कलेक्टरवर उरले २.२. सकाळी हे असं होतं. हळू बोललं तर चालतं, कारण खाली दोन व्होल्ट जागा आहे.

तापमान वाढलं की बीटा वाढतो. समजा शेडखाली तो पंधरा टक्के वाढला आणि ३८० झाला. बेसचा करंट तोच, कारण तो १.८ मेगने ठरवलाय. कलेक्टर करंट २.४ मिलिअँप, ४.७ के वर सव्वाअकरा व्होल्ट, कलेक्टरवर पाऊण. मीटर जे दाखवत होता तेच.

आता दुसरा ट्रान्झिस्टर का मुका झाला तेही कळतं. बीसी५४७ हे नाव एकच असलं तरी त्याचा बीटा ११० ते ८०० यांत कुठेही असू शकतो. नावापुढच्या अक्षरावरून गट कळतो: ए म्हणजे ११० ते २२०, बी म्हणजे २०० ते ४५०, सी म्हणजे ४२० ते ८००. आपण पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन "बीसी पाचशे सत्तेचाळीस द्या दहा" म्हणतो आणि पुडी खिशात टाकतो. अक्षर बघायचं कुणाच्या मनात येत नाही. या बोर्डावर बीटा चारशेच्या वर गेला की कलेक्टर थेट तळाला बसतो आणि ट्रान्झिस्टर म्हणजे नुसती चालू करून ठेवलेली स्विच.

मूळ सर्किट काढणाऱ्याने २०० बीटा धरून १.८ मेग निवडला असणार, कारण तेव्हा कलेक्टर बरोबर सहा व्होल्टवर येतो. कागदावर गणित चोख आहे. पण ते एका विशिष्ट ट्रान्झिस्टरचं, एका विशिष्ट तापमानाचं गणित आहे. बेसला सप्लायवरून एकच रेझिस्टर देणारं सर्किट दिसलं की मी ते खेळण्यातलं समजतो. रिले चालवायला, एलईडी पेटवायला उत्तम. अँप्लिफायर म्हणून नको.

बोर्ड तोच ठेवायचा असेल तर

एक वायर हलवून बरंच काम होतं. बेसच्या रेझिस्टरचं सप्लायकडचं टोक सोडवा आणि कलेक्टरला जोडा. किंमत १.८ मेगऐवजी ८२० के करा. आता कलेक्टर खाली घसरायला लागला की बेसला जाणारा करंटही कमी होतो आणि घसरण अडते. आकड्यांत सांगायचं तर २०० बीटाला कलेक्टर सहा व्होल्टवर राहतो, ४०० ला चारच्या थोडा वर. पोराच्या ३३० वाल्याला ४.६ आणि तो तापून ३८० झाला तरी ४.२. आधी दीड व्होल्ट घसरत होता, आता ०.४.

सामने चालू होते, म्हणून त्या दिवशी एवढंच केलं. ८२० के माझ्या डब्यात होता. पंधरा मिनिटांत तो मैदानावर परत गेला आणि संध्याकाळपर्यंत पंच बिनसुपारीचे बोलत होते.

आणि नीट करायचं असेल तर

पुढच्या रविवारी नीट केलं. बेसला दोन रेझिस्टर: वर ४७ के, खाली १० के. एमिटरला १ के. कलेक्टरला ४.७ के ऐवजी ३.९ के. बेस सुमारे २.१ व्होल्टवर धरला जातो, एमिटर त्याच्या ०.६५ खाली म्हणजे १.४ वर, आणि एमिटरच्या १ के मधून १.४ मिलिअँप वाहतात. कलेक्टर करंट जवळपास तेवढाच. इथे करंट १ के ने ठरतो, ट्रान्झिस्टरला विचारावंच लागत नाही. करंट वाढू पाहील तर एमिटर वर सरकतो, बेस जागचा हलत नाही, दोघांतला फरक कमी होतो आणि ट्रान्झिस्टर स्वतःच आवरतो.

११० बीटाचा बीसी५४७ लावा, कलेक्टर ६.८ व्होल्ट. ८०० चा लावा, ६.४. डब्यातला हाताला येईल तो उचला. उष्णतेने बेस-एमिटरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट खाली येतं. वीस अंशांनी तापला तर चाळीस मिलिव्होल्ट. १ के वर त्याचा परिणाम चाळीस मायक्रोअँप, कलेक्टरवर दीड दशांश व्होल्ट. कुणाच्या कानालाही कळणार नाही.

इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण दोन्हींवरून हमखास प्रश्न येतात. कलेक्टर 'सप्लायच्या निम्म्यावर' ठेवा हा नियम अर्धवट आहे. एमिटर जमिनीवर असेल तेव्हा तो ठीक. एमिटर १.४ व्होल्टवर उचलला की मधोमध म्हणजे १.४ आणि १२ यांच्या मध्ये, ६.७. म्हणूनच ४.७ के चा ३.९ के केला. नाहीतर कलेक्टर साडेपाचच्या खाली येतो. चालतं, पण जागा वाया जाते.

दुसरं, एमिटर रेझिस्टर लावला की गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) पडतो म्हणून लोक तो काढून टाकतात. काढू नका, त्याचे दोन तुकडे करा. १८० ओहम आणि ८२० ओहम एकामागे एक, आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फक्त ८२० वर. डीसीला पूर्ण १ के दिसतो, आवाजाला फक्त १८०. गेन सुमारे वीस. संपूर्ण १ के बायपास केला, म्हणजे कपॅसिटर पूर्ण १ के वर लावला, तर गेन दोनशेपर्यंत जातो, पण मग तो तापमानावर नाचतो आणि मोठ्या सिग्नलला आवाज एका बाजूने दबतो.

कंडेन्सर माइक वापरणाऱ्यांसाठी अजून एक. माइकला १० के मधून १२ व्होल्ट दिले आणि तो ०.३ मिलिअँप घेत असेल तर माइकच्या टोकाला नऊ व्होल्ट असतात, बेसवर दोन. म्हणजे इनपुटच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची प्लस बाजू माइककडे हवी. बऱ्याच आकृत्यांत ती बेसकडे दाखवलेली असते, कारण तिथे सिग्नल देणारी वस्तू शून्य व्होल्टवर धरलेली असते. आंधळेपणाने तसंच लावलं तर कपॅसिटरवर सात व्होल्ट उलटे पडतात, तो हळूहळू लीक व्हायला लागतो आणि बेस वर उचलला जातो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. महिन्याभराने 'ट्रान्झिस्टर गेला' म्हणून बोर्ड परत येतो.

रीडिंग काय बोलतं

सिग्नल काढा, इनपुट मोकळं सोडू नका, ग्राउंडला टेकवा. कपॅसिटरच्या अलीकडून हं, बेस थेट ग्राउंड करू नका. मग काळी प्रोब ग्राउंडला पक्की धरून चार ठिकाणी मोजा: सप्लाय, कलेक्टर, बेस, एमिटर. करंटसाठी ट्रॅक कापायची गरज नाही. कलेक्टरच्या रेझिस्टरवर किती पडतंय ते बघा आणि भागाकार करा.

वरच्याच बोर्डावर बोलू, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील.

कलेक्टर पूर्ण बारा आणि बेस शून्य: वरचा ४७ के ओपन (आतून तुटलेला), किंवा बेस कुठेतरी ग्राउंडला शॉर्ट. सोल्डरचा एक बारीक थेंब पुरतो. कलेक्टर बारा, बेस २.१, एमिटर शून्य: बेस-एमिटर जंक्शन ओपन, ट्रान्झिस्टर खरोखर गेला. चारही वेळा बदलायला हरकत नव्हती असा प्रसंग हाच.

कलेक्टर आणि एमिटर यांच्यात जेमतेम ०.१ ते ०.२ चा फरक: ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होऊन बसलाय. पण लगेच निकाल देऊ नका, बेसकडे बघा. एमिटर शून्यावर आणि बेस ०.७ वर असेल तर पूर्ण १ के वर लावलेला बायपास कपॅसिटर शॉर्ट झालाय, म्हणजे एमिटर रेझिस्टर असून नसल्यासारखा. बेस ०.८ आणि एमिटर, कलेक्टर दोन्ही ०.१५ च्या आसपास असतील तर कलेक्टरचा ३.९ के ओपन आहे. करंट वरून येतच नाही, मग ट्रान्झिस्टर सगळा भार बेसवरून ओढतो आणि बेसला खाली आणतो. माझे उस्ताद म्हणायचे, "वरून पाणी बंद झालं की माणूस शेजारच्या नळाला तोंड लावतो."

आता सगळ्यात फसवं रीडिंग. कलेक्टर बारा, बेस २.१, एमिटर १.६. वाटतं, बेस-एमिटरमध्ये अर्धा व्होल्ट आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर ठीक असावा. पण एमिटरवर १.६ असतील तर १ के मधून १.६ मिलिअँप वाहायला हवेत आणि ३.९ के वर सहा व्होल्ट पडायला हवेत. पडलेत शून्य. दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे चोर आहे. एमिटर रेझिस्टर ओपन आहे आणि तुमच्या मीटरच्या आतला रेझिस्टन्सच एमिटरला ग्राउंडची वाट करून देतोय. प्रोब काढली की ती वाटही गेली.

पाय उलटे लागण्याचा प्रकार अजून संपलेला नाही. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ आणि प्लास्टिकमधला पीएन२२२२ यांचे एमिटर, बेस, कलेक्टर. 'इक्विव्हॅलंट आहे' म्हणून एकाच्या जागी दुसरा तसाच घातला की तो मेलेला नसतो, थोडाफार चालतोही, पण गेन नावाला. आवाज येतोय म्हणून माणूस पुढच्या स्टेजमध्ये तास-दोन तास घालवतो.

मीटर खोटं बोलतो तेव्हा

बाजारातल्या स्वस्त पिवळ्या डिजिटल मीटरचा डीसी व्होल्टवरचा रेझिस्टन्स बहुधा १ मेग असतो. बऱ्या मीटरचा १० मेग. काट्याच्या जुन्या, वीस हजार ओहम-प्रति-व्होल्टवाल्या मीटरचा दहाच्या रेंजवर फक्त २०० के. ४७ के आणि १० के च्या जोडीवर यांपैकी कुठलाही चालेल. पण ऑपॅम्पच्या (एकाच आयसीत बसवलेल्या तयार अँप्लिफायरच्या) इनपुटला निम्मं व्होल्टेज देण्यासाठी १ मेग-१ मेगची जोडी असेल आणि सप्लाय बारा असेल, तर १ मेगचा मीटर सहाऐवजी चार दाखवतो. सर्किटमध्ये सहा आहेत. तुम्ही प्रोब लावली म्हणून चार झाले. अशा वेळी ऑपॅम्पचं आउटपुट मोजा. डीसीला गेन एक असेल तर इनपुटवर काय आहे ते आउटपुट सांगतं, आणि आउटपुटला मीटरचा भार जाणवत नाही.

ऑपॅम्प: प्रोब लावली की चालतं, काढली की मरतं

'ऑपॅम्पला बायसिंग लागत नाही' हे वाक्य मी डिप्लोमाच्या पोरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, सर्किट जोडायला सांगतो.

७४१ हा ऑपॅम्प, प्लस-मायनस बारा व्होल्ट, नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल प्लस इनपुटला), १० के आणि १ के, गेन अकरा. इनपुटला १ मायक्रोफॅरड आणि तिथून थेट तीन नंबरच्या पिनवर. बाकी काही नाही. चालू केलं की सीआरओवर (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) सुंदर साइन वेव्ह. मुलगा खूश. चार-पाच सेकंदांत वेव्ह खाली सरकायला लागते, दहा-बारा सेकंदांत मायनसच्या तळाला जाऊन सपाट होते. मुलगा इनपुटला काही आहे का बघायला तीन नंबरवर मीटर लावतो आणि वेव्ह परत येते! मीटर काढला की पुन्हा सरकायला सुरुवात. मग आयसी बदलतात. मग ब्रेडबोर्ड बदलतात. मग 'लूज कनेक्शन' असा निकाल लागतो.

कनेक्शन लूज नाही, अर्धं गायब आहे. ७४१ च्या इनपुटला चालायला थोडा डीसी करंट लागतो, साधारण ८० नॅनोअँप. तो आणायचा कुठून? कपॅसिटर डीसी जाऊ देत नाही. म्हणून तो करंट कपॅसिटरलाच चार्ज करत बसतो: १ मायक्रोफॅरडवर सेकंदाला ८० मिलिव्होल्ट, गुणिले अकरा, आउटपुटवर सेकंदाला जवळपास ०.९ व्होल्ट. तळ गाठायला बारा सेकंद, घड्याळ लावून बघा. मीटर लावला की त्याच्या १ मेगमधून करंटला वाट मिळते आणि इनपुट मायनस ८० मिलिव्होल्टवर स्थिर होतं.

उपाय एक रेझिस्टर: तीन नंबरच्या पिनवरून ग्राउंडला १०० के. संपलं. १ मेग लावण्याचा मोह होतो, पण ७४१ ला त्या ८० मिलिव्होल्टचे आउटपुटवर ०.९ व्होल्ट होतात. मोठाच रेझिस्टर हवा असेल तर टीएल०७२ घ्या, त्याचा इनपुट करंट पिकोअँपमध्ये आहे. मात्र टीएल०७२ ला रेझिस्टरच लागत नाही असं समजू नका. तिथेही आउटपुट सरकतं, फक्त काही तास लागतात, आणि ते शोधणं जास्त त्रासाचं.

एकच सप्लाय असेल तर

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि पहिलीचं प्रमाण बाकी दोन्हींहून जास्त आहे.

बारा व्होल्टचा एकच सप्लाय. दोन १०० के ने सहा व्होल्ट तयार केले, ते अजून एका रेझिस्टरमधून प्लस इनपुटला दिले. इथपर्यंत बरोबर. मग गेनसाठी १० के आणि १ के, आणि तो १ के सवयीने ग्राउंडला. झालं! ऑपॅम्पला सिग्नल आणि बायस यांत फरक कळत नाही. तो सहा व्होल्टांनाही अकराने गुणतो, सहासष्ट काढायला जातो आणि वरच्या भिंतीला डोकं टेकून बसतो. एलएम३५८ असेल तर साडेदहा व्होल्टवर. १ के आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, प्लस बाजू ऑपॅम्पकडे. डीसीला गेन एक, आवाजाला अकरा. आउटपुट सहावर येऊन बसेल. याच कपॅसिटरने ऑफसेटचाही (दोन इनपुटांमधल्या जन्मजात बारीक फरकाचाही) प्रश्न सुटतो: एलएम३५८ च्या इनपुटला दोन-तीन मिलिव्होल्टचा ऑफसेट असतो, वाईट नगाला सातपर्यंत. गेन शंभर आणि डीसीला वाट मोकळी असेल तर आउटपुट अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे फिरतं आणि माणूस रेझिस्टर जुळवत बसतो.

दुसरी चूक, एलएम३५८ ला सप्लायच्या 'निम्म्यावर' बायस करणं. तो खाली ग्राउंडच्या जवळ जातो, वर मात्र सप्लायच्या दीड व्होल्ट अलीकडे थांबतो. पाच व्होल्टवर त्याची खोली शून्य ते साडेतीन. मधोमध १.७५. अडीचला बायस केलं तर वर फक्त एक व्होल्ट जागा राहते आणि वेव्हचं डोकं कापलं जातं. वर १८ के, खाली १० के लावा, १.८ च्या जवळ येतं. टीएल०७२ पाच व्होल्टवर लावूच नका. त्याचं इनपुट खालच्या सप्लायजवळ गेलं की आउटपुट उलटी उडी मारतं.

तिसरी चूक बायसची वाटतच नाही. एलएम३५८, कार्यबिंदू बरोबर, तरी हळू आवाजाला किरकिर. सीआरओवर वेव्ह शून्य ओलांडताना बारीक खाच दिसते. त्याच्या आउटपुट स्टेजला आतून जवळपास बायस नाही. कपॅसिटरमधून लोड दिला की करंट देण्यावरून घेण्यावर जाताना ती अडखळते. आउटपुटवरून ग्राउंडला, कपॅसिटरच्या आधी, ४.७ के ते १० के चा रेझिस्टर लावा. त्यातून सतत करंट जात राहतो आणि लहान सिग्नलला अडखळायची वेळच येत नाही. डेटाशीटमध्ये हे लिहिलेलं आहे, पण डेटाशीट लोक पिनसाठी उघडतात आणि बंद करतात.

दोन १०० के च्या मध्यबिंदूला ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला द्यायला विसरू नका, नाहीतर अडॅप्टरची निम्मी घरघर थेट इनपुटला. मात्र त्यानंतर चालू केल्यावर पाच-दहा सेकंद आवाज येणार नाही. ५० के आणि ४७ मायक्रोफॅरड भरायला तेवढा वेळ लागतोच. 'चालू केलं की लगेच येत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांना मी चहा दिला. चहा येईपर्यंत आवाज आला होता.

शेवटची स्टेज तापते तेव्हा

गणपतीच्या आधी महिनाभर जे अँप्लिफायर येतात त्यांत हा एक प्रकार ठरलेला: आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले, दोन दिवस चालला, पुन्हा उडाले. ट्रान्झिस्टर बदलताना बायसचा ट्रिमर (फिरवून किंमत बदलायचा छोटा रेझिस्टर) कुणी हलवला होता, किंवा बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरून सुटून हवेत लोंबकळत होता. तो हीटसिंकला चिकटलेलाच हवा. मोठे तापले की तोही तापतो आणि बायस खाली आणतो. हवेत असेल तर त्याला वर आग लागल्याचं कळतच नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्सच्या वाटेत एकामागे एक जोडलेला साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब. ट्रिमर आधी कमीत कमी बायसवर. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा, पेटलेलाच राहिला तर बंद करा. स्पीकर न लावता आउटपुटवर डीसी मोजा; प्लस-मायनस सप्लायच्या अँप्लिफायरला ते मिलिव्होल्टमध्येच हवं, व्होल्टमध्ये असेल तर स्पीकरला हात लावू नका. मग बल्ब काढून, इनपुट ग्राउंड करून, ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजला लावा. ६ ते ७ मिलिव्होल्ट म्हणजे तीस मिलिअँप, बहुतेक घरगुती अँप्लिफायरला पुरेत. हळू आवाजाला किरकिर गेली की थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा चढत चढतच चालला असेल तर ट्रिमरला हात न लावता तो छोटा ट्रान्झिस्टर बघा.

जुना ट्रिमर असेल तर बदलूनच टाका. आणि नवीन बोर्ड काढत असाल तर ट्रिमर त्या बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरच्या बाजूला घाला. त्याचा काटा कधीतरी सुटतोच. या बाजूला सुटला तर बायस शून्याकडे जातो आणि फक्त किरकिर येते. दुसऱ्या बाजूला सुटला तर आउटपुटची जोडी जाते, आणि ती जाताना स्पीकरला घेऊन जाते.

पोराचा प्रीअँप आता एका स्टीलच्या डब्यात आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने स्केचपेनने लिहून ठेवलंय: सप्लाय १२, क ६.५, ब २.०७, ए १.४२. खाली तारीख आणि 'गार असताना'.